फाट्यावरचा फ्लेक्स

सकाळी सातला भानुदासआबा अहिवळे काटेवाडीच्या फाट्यावर गेले ते फ्लेक्स नीट बांधलाय का एवढंच बघायला, आणि दोन तास तिथून हलले नाहीत.

फ्लेक्स झकास झाला होता. मागं निळा रंग, कडेनं सोनेरी वेलबुट्टी. वर लाल अक्षरांत 'राज्यस्तरीय कादंबरी पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याखाली मधोमध त्यांच्या लेकीचा, प्रियदर्शनीचा, कमरेपर्यंतचा हसरा फोटो. फोटो चार वर्षांपूर्वीचा, किडन्या जायच्या आधीचा, त्यामुळं गाल भरलेले. तिच्या खांद्याशी, बशीएवढ्या गोलात, जरिना अत्तार. पुरस्कार मिळाला होता तो या गोलातल्या जरिनाला.

आबांच्या मते यात काही चुकलं नव्हतं. आपल्या भागातला कुठलाही फ्लेक्स बघा. ज्याचा वाढदिवस तो कोपऱ्यात कुठंतरी असतो आणि शुभेच्छा देणारे मधोमध, गॉगल लावून, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. देणाऱ्याचा फोटो मोठा, घेणाऱ्याचा लहान, ही रीतच आहे. त्या रीतीनं आबांनी खालच्या पट्टीत 'शुभेच्छुक : प्रियदर्शनी अहिवळे व समस्त अहिवळे परिवार' असं छापूनही घेतलं होतं, शेजारी एसटीच्या खाकीतला स्वतःचा आणि गॉगल लावलेल्या मुलाचा फोटो लावून. घोटाळा झाला तो बांधताना. त्यांचा मुलगा बुद्धघोष एमआयडीसीतली पाळी संपवून काल संध्याकाळी आला आणि भुकेच्या घाईत त्यानं फ्लेक्स दोन फूट खाली बांधला. खालची पट्टी चहाच्या टपरीच्या पत्र्यामागं गेली. आता रस्त्यावरून दिसत होता तो पुरस्कार आणि त्याखाली प्रियदर्शनी.

पहिल्या पाळीला निघालेली एक मोटारसायकल थांबली. "आबा, लेकीनं नाव काढलं की."

आबांनी तोंड उघडलं. 'लेकीनं न्हाय, लेकीच्या मैतरणीनं' हे शब्द अगदी दातांपाशी आले होते. पण तो गडी हसत होता. गेल्या तीन वर्षांत आबांपाशी जो कोणी थांबला त्यानं तोंड पाडूनच विचारलं होतं, आता आठवड्यातनं किती वेळा मशीनवर न्यावं लागतं, सूज उतरली का, कुणी किडनी देणारं मिळालं का. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या पोरीबद्दल हसून बोललं आणि किडनीचं नावसुद्धा काढलं नाही. आबांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "च्या घेऊन जा."

दुसरा आला, तिसरा आला, ऊसतोडीचा ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हरनं हात जोडले. नऊ वाजेपर्यंत आबांनी अठरा जणांना चहा पाजला आणि खरं एकालाही सांगितलं नाही. मनाला त्यांनी समजावलं की या पुस्तकात आपलाही वाटा आहेच. बारामती-इंदापूर गाडीवर असताना दोन्ही पोरींची लिहिलेली पानं त्यांनीच वर्षानुवर्षं केबिनमधून ने-आण केली होती. इकडून प्रियदर्शनीची गोष्ट जायची, इंदापूर स्टँडसमोरच्या अत्तारांच्या झेरॉक्सच्या दुकानात उतरायची आणि चार दिवसांनी जरिनाच्या लाल पेनानं रक्तबंबाळ होऊन परत यायची. उलट दिशेनंही तेच. त्या दोघींनी एकमेकींना कधी सोडलं नव्हतं.

*

घरी लक्ष्मीबाई लेकीचं पाणी मोजत होत्या. दिवसाला एक लिटर, चहा-आमटी धरून. बाटलीवर त्यांनी नेलपॉलिशनं रेघा मारल्या होत्या आणि त्या रेघांवरून त्यांचा डोळा कधी हटत नसे.

"आज भाषण करायचंय तुला. इंदापुरात घसा कोरडा पडल. आत्ता दोनच घोट घे, बाकीचं राखून ठिव."

"आई, भाषण पाच मिनिटांचं आहे. सहारा वाळवंटात न्हाय चालले मी."

प्रियदर्शनीचा मूड आज नुसता उडत होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचे मशीनचे. कालच डायलिसिस झालेलं, त्यामुळं रविवारी अंग हलकं, डोकं स्वच्छ. इंदापुरात पाचला जरिनाचा सत्कार, वक्त्यांत ही. काल पुण्यात पुरस्कार घेऊन जरिना आज इंदापूरला परतणार होती, आणि हायवेनं सरळ न जाता मुद्दाम वाकडी वाट करून बारामतीमार्गे यांच्याकडं जेवायला येणार होती. प्रियदर्शनीनं जांभळी साडी नेसली, भावजयीकडून, रतनकडून, केसांत गजरा माळून घेतला आणि आरशापुढं उभं राहून "अध्यक्ष महोदय" असं तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून दाखवलं. रतन हसून हसून पलंगावर बसली.

एवढ्यात शेजारचे मोहनराव हार घेऊन आत आले. मागं त्यांच्या गड्याच्या हातात दहा शहाळी.

"कुठंय आमची लेखिका?" म्हणत त्यांनी हार थेट प्रियदर्शनीच्या गळ्यात घातला. "शहाळ्याचं पाणी पी, ताकद येती."

शहाळ्यातलं पोटॅशियम म्हणजे तिच्या किडन्यांसाठी विषच. पण त्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"काका, हार कशापायी?"

"अगं, फाट्यावर एवढा मोठा फोटू लागलाय तुझा. पुरस्काराचा. निम्म्या तालुक्यानं बघितला."

प्रियदर्शनीनं दारात आलेल्या आबांकडं बघितलं. आबा चपला काढण्यात फार गुंतले होते. बुद्धघोषनं मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला तसा तिला आधी हसू फुटलं. ती इतकी हसली की पोट धरून खुर्चीत बसली. बशीएवढी जरिना, गॉगलवाला बुद्धघोष पत्र्याआड, आणि मधोमध भरल्या गालांची आपण. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि मोहनरावांना सगळं खरं सांगितलं. मोहनराव "असं व्हय" म्हणाले, हार परत मागावा की काय अशा विचारात क्षणभर उभे राहिले आणि शहाळी तिथंच ठेवून गेले.

"आबा, तुमी तिथं हुता ना? सांगितलं न्हाय कुणाला?"

"सांगणारच हुतो."

"कधी?"

"जरा गर्दी कमी झाली की."

लक्ष्मीबाई पदर खोचून पुढं आल्या. "लाज न्हाय वाटत? दुसऱ्याच्या पोरीचं बक्षीस आपल्या पोरीच्या गळ्यात घालताय? ती पोर आत्ता हितं येईल, तिला काय वाटल? घोषा, जा, आत्ताच्या आत्ता काढ त्यो फ्लेक्स."

"मामांचं काय चुकलं?" रतन आबांच्या बाजूनं उतरली. सासऱ्यांचं आणि तिचं पहिल्यापासून गूळपीठ. "एक दिस लोक चांगलं बोलत्यात तर बोलू द्या की. वन्संनी कमी सोसलंय का?"

"सोसल्याचं बक्षीस न्हाय ते, वैनी. लिहिल्याचं हाय," प्रियदर्शनी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मी तीन वर्षांत काय लिवलंय? एक गोष्ट. ती पण चांगली झालीय का वाईट, म्हाईत न्हाय."

लक्ष्मीबाई जोरात मान हलवत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पणदऱ्याची धाकटी बहीण. तिच्या पोरानं फ्लेक्सचा फोटो पाठवला होता आणि ती फोनवर आनंदानं रडत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. लक्ष्मीबाईंनी घसा खाकरला. 'अगं, ते तसं न्हाय' असं म्हणायला त्यांनी सुरुवातही केली.

"अगं... व्हय. व्हय गं बाई. लई सोसलं पोरीनं. व्हय, मोठ्ठा पुरस्कार हाय म्हणं." फोन ठेवून त्या कुणाकडं न बघता शहाळी मोजायला लागल्या.

आबा अगदी हळू म्हणाले, "आता कळलं?"

बुद्धघोष शिडी शोधायला म्हणून बाहेर पडला, कारण घरात थांबलं तर कुणाची तरी बाजू घ्यावी लागली असती. शिडी मिळून तो फाट्यावर पोचला तेव्हा टपरीपाशी एक पांढरी गाडी उभी होती आणि रस्त्यात उभी राहून जरिना अत्तार फ्लेक्सकडं बघत होती.

*

जरिनाला उचकी लागली होती. हसण्यानं.

"अब्बा, माझा फोटो बघितला का? आधार कार्डावरचा हाय."

गाडी चालवणारे इस्माईलचाचा खाली उतरले, चष्मा वर करून निरखून म्हणाले, "आपल्याच दुकानातनं झेरॉक्स काढलेला दिसतोय. प्रिंट खराब आलीय."

बुद्धघोष शिडी खांद्यावर घेऊन मान खाली घालून उभा. जरिनानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "गाडीत बस. शिडी ऱ्हाऊ दे."

घर येईपर्यंतच्या तीन मिनिटांत तिचं हसू ओसरलं. गेले महिनाभर तिच्या मनात एकच गोष्ट ठुसठुसत होती. प्रियदर्शनीनं आजारपणानंतर पहिल्यांदाच लिहिलेली बावीस पानं तिच्याकडं पाठवली होती. जरिनानं ती चारदा वाचली. पहिल्या वाचनात सवयीनं लाल पेन हातात घेतलं आणि कागद भरून टाकले. मग तिला स्वतःचीच भीती वाटली. आठवड्यातनं तीनदा सुया टोचून घेणाऱ्या बाईला हे कसं दाखवायचं? झेरॉक्सचं दुकान घरचंच. मूळ पानांची एक कोरी प्रत आधीच काढलेली होती, ती पर्समध्ये घातली. लाल प्रत लपवली. आणि मोबाईलवर दोन शब्द पाठवले, 'छान आहे.' त्यावर प्रियदर्शनीचं उत्तर आलं नव्हतं.

घरात सगळे बैठकीच्या खोलीत फोटोला बसल्यासारखे बसले होते. आबा उठले. "जय भीम, बाळ. फ्लेक्सचं जरा..."

"बघितला, आबा. लई भारी हाय. ऱ्हाऊ द्या तसाच." जरिना बोलत गेली, आणि तिला जे बोलणं मोठ्या मनाचं वाटलं ते बोलली. "अर्धा पुरस्कार तिचाच तर हाय. आज संध्याकाळी स्टेजवर मी तेच सांगणार हाय. ट्रॉफी पण तिच्याच हातात देणार."

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. लक्ष्मीबाईंच्या डोळ्याला धार लागली. रतननं टाळ्या वाजवल्या. सासू, सासरा आणि सून इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एका बाजूला आले, आणि ती बाजू प्रियदर्शनीची नव्हती.

प्रियदर्शनी उठली, गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि मागच्या खोलीत गेली.

*

जरिना मागोमाग आली आणि तिनं दार लोटून घेतलं. खोलीत धान्याची पोती, शिवणयंत्र आणि औषधांचा रॅक. प्रियदर्शनी पोत्यावर बसली होती.

"दर्शे, रागावलीस?"

"अर्धा म्हंजी कुठला गं? डावा का उजवा?"

"काय?"

"अर्धा पुरस्कार कुठला देतीस मला? 'आठवडी' ही अख्खी कादंबरी तू लिवलीस. दीड वर्ष रोज पहाटे चारला उठून लिवलीस. मी काय केलं? मशीनवर पडून फोन कानाला लावला आणि ऐकली."

"ऐकली? तिसरा भाग फाडून टाक म्हणालीस. नव्वद पानं हुती ती."

"भिकार हुती."

"हुती," जरिनानं कबूल केलं.

"मग मी तुझ्यावर दया केली का? म्हणाले का, जरिनाला दुकान असतं, म्हातारा बाप हाय, जाऊ दे बिचारीला?" प्रियदर्शनीचा आवाज चढला. "बक्षिसाची बातमी आली त्या दिवशी मी नाचले. रतनला विचार. नर्सला पेढे दिले, मला खाता येत न्हायत तरी. आणि त्यानंतर दोन दिवस मी जळले. हेवा वाटला, जरे. मरणाचा वाटला. आणि त्याचाही मला आनंदच झाला. म्हटलं, पेशंटाला काय हेवा वाटतोय? हेवा वाटतोय म्हंजी मी अजून लिहिणाऱ्यांतली हाय. मग मी तुझ्या मेसेजची वाट बघत बसले. आणि तू काय पाठवलंस?"

जरिनानं पर्स काखेत घट्ट दाबली.

"कितवं पान छान हाय?"

"दर्शे, तुझा बीपी..."

"माझा बीपी आई बघती. तू गोष्ट बघ. आयुष्यात कधी तू मला छान म्हणाली न्हायस. कॉलेजात पहिला नंबर आला तवा पण तू म्हणालीस, शेवट चोरलेला वाटतोय. आता छान हाय? म्हंजी तू मला सोडलंस. तुझ्या लेखी मी लिहिणारी बाई मेली आणि ही औषधांची पिशवी उरली." शेवटी तिचा आवाज फुटला आणि तिनं तो आवरला नाही.

जरिना शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. पर्समधली कोरी प्रत तिनं बाहेर काढली, बघितली आणि परत आत घातली.

"पहिली आठ पानं फालतू हायत."

प्रियदर्शनीनं मान वर केली.

"आठ पानं तू दवाखान्याची खिडकी सांगत बसलीस. खिडकी, पडदा, पडद्यावरची फुलं. वाचणाऱ्यानं काय पाप केलंय? गोष्ट सुरू हुती नवव्या पानावर. ती शेजारच्या पलंगावरची म्हातारी म्हणती, माझ्या वाटणीचं पाणी तू पी, मला आज तहान न्हाय. तिथं माझ्या अंगावर काटा आला. तेवढंच एक पान तू लिवलंयस, बाकीचं तुझ्या आजारानं लिवलंय." एकदा सुटल्यावर जरिना थांबेना. "भावाचं नाव तीन ठिकाणी तीन हाय. म्हातारीची सून चौदाव्या पानावर येती आणि कुठं जाती कुणाला म्हाईत. आणि शेवट रडका. लाज वाटली मला वाचताना. तू रडकी कधीपासनं झालीस?"

"अजून?"

"अजून 'अश्रू' हा शब्द सहा वेळा."

"सहा न्हाय."

"सहा. मी मोजलेत."

दार धाडकन उघडलं. लक्ष्मीबाई बीपीचं यंत्र हातात घेऊनच आल्या होत्या. बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. "जरिने, काय चाललंय गं? कालच मशीनवरनं उतरलीय ती. तिला ताण द्यायचा न्हाय म्हणून डाक्टरनं सांगितलंय आणि तू..." त्या थांबल्या. लेक पोत्यावर बसून दात काढून हसत होती. इतकी की गजरा एका कानावर आला होता.

"आई, जा तू. ती मला शिव्या देतीया."

"ते ऐकलं मी."

"तीन वर्षांनी देतीया, आई. देऊ दे."

लक्ष्मीबाई यंत्र पोटाशी धरून एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांना यातलं काही कळलं नाही, पण लेकीचा हा चेहरा त्यांनी फ्लेक्सवरच्या त्या चार वर्षांपूर्वीच्या फोटोनंतर आजच बघितला होता. त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं आणि दाराशी कान लावून उभ्या राहिलेल्या रतनला म्हणाल्या, "कुणी आत जायचं न्हाय. भांडू द्या त्यास्नी."

आत प्रियदर्शनीनं हात पुढं केला. "लाल कुठंय?"

"कुठली लाल?"

"मला शिकवू नकोस. अश्रू मोजलेस म्हंजी पेन हातात हुतं. लाल प्रत कुठंय?"

जरिना ओशाळली. "डिकीत. ट्रॉफीच्या खाली."

दोघी बाहेर धावल्या. म्हणजे जरिना धावली आणि प्रियदर्शनी तिच्या दंडाला धरून जमेल तेवढी. अंगणात जमलेल्या शेजारणींना वाटलं आता ट्रॉफी बघायला मिळणार. जरिनानं डिकी उघडली, ट्रॉफी काढून जवळच्या बाईच्या हातात दिली आणि खालून एक चुरगळलेला गठ्ठा उपसला. पानांवर काळ्यापेक्षा लाल जास्त होतं. प्रियदर्शनीनं तो गठ्ठा छातीशी धरला. शेजारणी ट्रॉफीकडं बघत होत्या, आणि ट्रॉफी ज्यांची मानली जात होती त्या दोघी डिकीत डोकं घालून दुसऱ्या पानावरून भांडत होत्या.

*

जेवणं उरकायला तीन वाजले. निघताना आबांनी चपला घालत विचारलं, "फ्लेक्स काढायला सांगू का घोषाला?"

"काढू नका," प्रियदर्शनी म्हणाली. "वर घ्या. माझं नाव जिथं हाय ती पट्टी दिसू द्या. जरिनाची शुभेच्छुक हाय मी, ते लपवायचं कशाला?"

बुद्धघोष आणि मोहनरावांनी शिडी लावून फ्लेक्स दोन फूट वर ओढला. शुभेच्छुक प्रियदर्शनी दिसली, आबांची खाकी दिसली, बुद्धघोषचा गॉगल दिसला. टपरीवरच्या लोकांनी खालची ओळ मोठ्यानं वाचली आणि आबांकडं बघितलं. आबा त्यांच्यापाशी गेले आणि अठरा चहांचं प्रायश्चित्त म्हणून ताठ उभं राहून म्हणाले, "पुरस्कार आमच्या लेकीला न्हाय, तिच्या मैतरणीला मिळालाय. सकाळी मी खोटं बोललो न्हाय, पण खरं पण बोललो न्हाय. पोरीची तारीफ ऐकायला बरं वाटत हुतं." टपरीवाल्यानं त्यांच्या हातात चहा दिला.

इस्माईलचाचा गाडी चालवत होते, शेजारी आबा. मागं लक्ष्मीबाई, प्रियदर्शनी आणि खिडकीशी जरिना. रतन आणि बुद्धघोष मोटारसायकलवरून पुढं गेले. आबांनी फोन लावायला घेतला. पणदऱ्याच्या मेव्हणीपासून सुरुवात केली. "न्हाय, आपल्या दर्शनीला न्हाय. जरिनाला, आमच्या इस्माईलभाईच्या. दर्शनीची गोष्ट अजून व्हायचीय. व्हय, पहिली आठ पानं गेली तिची. न्हाय गं, हरवली न्हायत. फालतू हुती."

भवानीनगर मागं पडलं. सणसर आलं. प्रियदर्शनीच्या मांडीवर लाल गठ्ठा, त्यावर भाषणाचा कागद.

"भाषणात काय बोलणार हायस?" जरिनानं विचारलं.

"खरं बोलणार. 'आठवडी' इतकी चांगली कादंबरी मी दहा वर्षांत वाचली न्हाय. त्यातला बाजार वाचला की मसाल्याचा वास येतो. मी मशीनवर पडून ऐकत असताना शेजारचे दोन पेशंट माझा फोन स्पीकरवर टाकायला लावायचे. हे सगळं बोलणार. आणि तू स्टेजवर अर्ध्याचं काही काढलंस तर मी मधेच उठून सांगीन की पुरस्कार पूर्ण तिचा हाय आणि हेवा पूर्ण माझा."

"ट्रॉफी?"

"तुझी तू धर. जड हाय."

इस्माईलचाचा हसले. जरिनानं खिडकीतून बाहेर बघितलं आणि डोळे पुसले. मग वळून अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाली, "दुसरा खर्डा शनिवारपर्यंत पायजे."

"शनिवारी माझं मशीन असतं."

"मग? सुया डाव्या हातात खुपसत्यात. लिहितीस तू उजव्या हातानं."

आबांचं फोनवरचं बोलणं मधेच थांबलं. लक्ष्मीबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या घरात असं कुणी बोलत नसे. त्यांच्या घरात तीन वर्षं सगळे म्हणत, बरं वाटलं की बघू, आता कशाची घाई हाय, तू फक्त आराम कर. प्रियदर्शनीला या तीन वर्षांत कुणी तारीख दिली होती ती फक्त रक्त तपासणीची. पुढच्या शनिवारी ती असणार, तिच्या हातात पेन असणार आणि तिनं काम पुरं केलेलं असणार, असं धरून कुणी चाललंच नव्हतं.

प्रियदर्शनी पुन्हा सकाळसारखी हसायला लागली.

"रविवार धर, जरे. चौदा पानं नव्यानं लिवायचीत."

"शनिवार."

"म्हातारीच्या सुनंचं काय करायचं तेच कळंना झालंय."

"ते तुझं तू बघ. शनिवार."

लक्ष्मीबाईंना राहवलं नाही. "एक दिस इकडं तिकडं..."

"काकी, तुमी मधी पडू नका," जरिना म्हणाली, आणि लक्ष्मीबाई आज दुसऱ्यांदा गप्प बसल्या.

इंदापुरात शिरताना हलगीचा आवाज आला. स्टँडसमोर माणसं जमली होती, इस्माईलचाचांच्या गल्लीतली पोरं नाचत होती, कुणीतरी फेटा घेऊन गाडीकडं धावत येत होतं. गाडी थांबायच्या आत प्रियदर्शनीनं जरिनाच्या पर्समधून लाल पेन काढून घेतलं होतं आणि पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरपी रेघ ओढली होती. मग दुसऱ्या पानावर. लोकांनी दार उघडून जरिनाला हात दिला. ती उतरेना, प्रियदर्शनीकडं बघत राहिली.

"चल ना."

"तू हो पुढं, तुझा सत्कार हाय," प्रियदर्शनी मान वर न करता म्हणाली आणि डाव्या हातानं तिला गाडीबाहेर ढकललं. "माझी सहा पानं खोडायची ऱ्हायलीत."